दादाची पंचमी

“पंचमी उगवलीच न्हाई, तर त्याचा दिवस कुठनं उगवंल?” मी म्हणालो.

हे मी दादाला म्हणालो नाही. दादा माझ्यापासून चार हातांवर उभा होता, पण त्याच्याशी मी सव्वा वर्ष बोलत नव्हतो. मी म्हणालो ते बाबालाल मिस्त्रीला. तो आपल्या सायकल दुकानाच्या फळ्या काढत होता आणि त्यानं अजून चहासुद्धा घेतला नव्हता.

“बाबालाल, त्याला सांग,” दादा समोरच्या पाण्याच्या टाकीकडे बघत म्हणाला, “काल चतुर्थी. काल सायकल त्याच्याकडं हुती. एक दिवस त्याचा, एक दिवस माजा. आज माजा.”

“बाबालाल, त्याला इचार, आज तिथी कंची?”

“बाबालाल, त्याला सांग, आज षष्ठी हाय. म्हणून काय झालं? मधली पंचमी काय त्याच्या बायकोनं डब्यात भरून ठेवली का?”

बाबालालनं शेवटची फळी भिंतीला टेकवली. “मला कशाला मधी घालताय रं? माजं क्यालेंडर निराळं हाय.”

हे सगळं काय होतं ते नीट सांगायला हवं, नाहीतर वाचणाऱ्याला वाटेल दोन पंडित शास्त्रार्थ करतायत. आम्ही पंडित नाही. आम्ही कासार. विट्यात राहायचं, आठवड्याच्या बाजारांना जायचं, बायकांच्या हातात बांगड्या भरायच्या, हा आमचा पिढ्यांचा धंदा. आबांनी तो चाळीस वर्षं एका काळ्या सायकलवर केला. मागं कॅरिअरवर बांगड्यांची पेटी, हँडलला दोन्ही बाजूंनी बांगड्यांच्या माळा. सायकल खड्ड्यातून गेली की गावाला कळायचं, कासार आला.

आबा गेले आणि महिन्याच्या आत आम्ही दोघा भावांनी वाटण्या केल्या. कारण म्हणाल तर एक वाक्य. खानापूरच्या बाजारात, पंधरा-वीस बायका बसलेल्या असताना, दादा मला हसत म्हणाला होता, “रंगाच्या हातनं लई वाढत्यात.”

आमच्या धंद्यात बांगडी फुटत नाही, वाढते. फुटली हा शब्द कासारानं तोंडातून काढायचा नसतो. आता हात आवळून, अंगठ्याखालचं हाड दाबून काचेची बांगडी पलीकडं न्यायची म्हणजे एखादी वाढणारच. पण दादाच्या हातून सहसा वाढायची नाही, आबांच्या हातून तर नाहीच. माझ्या हातून वाढायच्या. खरं होतं म्हणूनच ते मला झोंबलं. बायका फिदीफिदी हसल्या, मी पेटी बंद केली, आणि दादाशी माझं बोलणंही तिथंच बंद झालं. तोही असा ताठ की, ‘रंगा, चुकलं’ म्हणून त्याच्या तोंडून दोन शब्द निघाले नाहीत.

वाटण्या करायला नरहरमामा आले. मामांना स्वतःच्या शहाणपणावर फार विश्वास होता. गावात दुसऱ्या कुणाला नव्हता. त्यांनी घरात मधोमध पत्रा मारला, भांडी वाटली, माल वाटला, आबांचा तांब्यासुद्धा चिठ्ठी टाकून दिला. सायकल राहून गेली, कारण ती त्या दिवशी फ्रीव्हील बदलायला बाबालालकडे पडली होती. संध्याकाळी बाबालाल ती दारात घेऊन आला तेव्हा मामा चपला घालत होते.

“एक दिवस थोरल्याचा, एक दिवस धाकट्याचा,” मामा म्हणाले. “विषम थोरल्याला, सम धाकट्याला.”

“तारखेनं?” दादानं विचारलं.

मामांनी मान हलवली. “तारखेत घोळ हाय. एकतीसला विषम, एकला परत विषम. धाकट्यावर अन्याय व्हतोय. तिथीनं घ्या.”

आणि आपण केवढा न्याय केला या आनंदात मामा एस.टी.त बसून गेले. पंधरा दिवसांनी पौर्णिमा आली. पौर्णिमा पंधरावी, म्हणजे विषम. दुसऱ्या दिवशी प्रतिपदा, ती पहिली, तीही विषम. दादानं सायकल लागोपाठ दोन दिवस नेली. मी संतापून पंचांग विकत आणलं. त्यात पाहिलं तर अमावास्येला तीस आकडा घालतात. म्हणजे सम. चतुर्दशी माझी, अमावास्याही माझी. झाली फिटंफाट. फरक एवढाच, की त्याला पौर्णिमा मिळाली आणि मला अमावास्या. अमावास्येला कुठली बाई नव्या बांगड्या भरते?

त्यात आणखी एक गंमत. बाजार वारानं भरतात आणि सायकल तिथीनं मिळायची. कधी सोमवारचा बाजार माझ्या पाळीत यायचा, कधी रविवारचा. पाळी नसेल त्या बाजारी पेटी डोक्यावर घेऊन सहा-सहा मैल चालायचं. आम्ही दोघंही चाललो. नवी सायकल कुणीच घेतली नाही. घ्यायची ऐपत नव्हती असं नाही. दादाला तर त्याचे सासरे दिवाळसणाला नवी कोरी देत होते, ती त्यानं परत पाठवली असं माझ्या कानावर आलं होतं. मी काय समजायचं ते समजलो. ज्यानं नवी घेतली त्यानं आबांची सोडली, असा त्याचा हिशेब, आणि माझाही तोच. मी सोडणार नव्हतो.

म्हणून त्या म्हाताऱ्या सायकलची जी चाकरी झाली ती आबांच्या हयातीत झाली नव्हती. मामांचा आणखी एक नियम होता: रोज दिवस मावळताना बाबालालच्या दुकानात दोघांनी हजर राहून सायकल हवाली करायची, म्हणजे पंक्चर कुणी केलं यावरून वाद नको. त्यामुळं मी ब्रेकचे रबर घातले, की दादा पुढच्या खेपेला पॅडल बदलून यायचा. त्यानं मागच्या चाकाच्या तारा कसल्या, की मी पुढचा टायर फाटला होता तिथं आतून जुन्या टायरचा तुकडा घालून घ्यायचो. ‘रंगानं सायकलची वाट लावली’ हे ऐकायची माझी तयारी नव्हती. बाबालाल म्हणायचा, “भांडा बाबांनो, आसंच भांडा. माजी पोरं शिकतील.”

सगळ्यात हाल झाले ते सीटचे. दादा सहा फुटी, मी पाच फूट दोन इंच. रोज संध्याकाळी सायकल ताब्यात घेणाऱ्यानं पाना घेऊन सीट आपल्या मापाची करायची. मी खाली आणायचो, तो वर न्यायचा. सव्वा वर्षात त्या नटाचे आटे पार गेले. आणि सीट खाली ठोकताना मी दरवेळी मनात दादाच्या डोक्यात एक टपली मारत असे, हेही सांगून टाकतो.

तर ती वैशाखातली सकाळ. बेलेवाडीच्या जगतापांकडून निरोप आला होता: लेकीचं लग्न आहे, कासाराला पाठवा. कुठल्या कासाराला ते सांगितलं नव्हतं. जगतापांचं घर आबांचं. तिथल्या तीन पिढ्यांच्या बायकांना आबांनी बांगड्या भरल्या होत्या. आता ते घर ज्याच्याकडे जाईल तो आबांच्या जागेवर बसणार, हे दोघांनाही कळत होतं. आणि नेमका त्याच दिवशी पंचमीचा क्षय पडला होता. पंचमी काल सूर्य उगवल्यावर लागली आणि आज उगवायच्या आत संपली. चतुर्थीवर थेट षष्ठी. काल संध्याकाळी दोघांनीही हक्क सांगितला, म्हणून सायकल रात्रभर बाबालालच्या दुकानातच राहिली होती.

“आता यष्टी कदी हाय?” बाबालालनं विचारलं.

“सकाळची गेली. दुसरी बाराला,” आम्ही दोघंही एकदमच बोललो.

बाबालालनं पाना घेतला, सायकलची सीट उपसून काढली आणि काखेत धरली. “एकानं ही न्या. दुसऱ्यानं बाकीची न्या. व्हा मार्गी.”

कुणी हललं नाही.

“न्हाईतर डबलशीट जावा. पर माज्या दारातनं हाला. तिकडं नवरी हात पुढं करून बसली आसंल आन् ह्यांचं पंचांग चाललंय!”

दादानं त्याच्या हातातून सीट घेतली, नळीत बसवली आणि वर केली. पूर्ण वर. मग सायकलवर टांग टाकून समोर बघत राहिला. मी थोडा वेळ टाकीकडे बघितलं. मग दोन्ही पेट्या एकावर एक मांडीवर घेऊन कॅरिअरवर बसलो.

नऊ मैल. त्या नऊ मैलांत आम्ही पुष्कळ बोललो, पण एकमेकांशी नाही. दादा सायकलशी बोलला: “काय गं बये, आज वजन लई वाटतंय. काय गहू भरलंय का मागं?” मी रस्त्याकडच्या शेरडांशी बोललो: “काय गं बायांनो, खड्डा दिसत न्हाई का एकेकाला?” ओढ्यापाशी चेन पडली. दोघंही उतरलो. दादा खाली बसला, मी मागचं चाक उचलून धरलं, त्यानं चेन दातावर बसवली, मी पॅडल फिरवलं. कुणी कुणाला काही सांगितलं नाही. लहानपणी आबांबरोबर बाजाराला जाताना हे आमचं कामच असायचं. त्यानं हाताचं काळं वंगण पुसायला इकडंतिकडं पाहिलं. माझ्या खांद्यावर टॉवेल होता. मी दुसरीकडे बघत खांदा थोडा पुढं केला. त्यानं हात पुसले आणि टॉवेलचं वाटोळं केलं.

जगतापांच्या मांडवात पन्नासएक बायका वाट बघत होत्या. मधोमध जगतापांची म्हातारी, सगळ्यांवर हुकूम चालवणारी. तिनं आम्हाला बघून कपाळाला आठ्या घातल्या.

“दोगं आलासा? मला वाटलं, तुमचं जमत न्हाई.”

“कोण म्हंतं?” दादा म्हणाला.

पहिल्यांदा घरच्या बायकांना भरायच्या, मग पाहुण्यांना, आणि मुहूर्त धरून नवरीचा हिरवा चुडा. आम्ही शेजारी शेजारी बसलो. दादाचे हात सुरेख चालत होते. चार वाक्यं बोलत, बाईला हसवत, तिला कळायच्या आत तो बांगडी चढवायचा. मी खाली मान घालून भरत होतो. माझ्या हातून दोन वाढल्या. मी तुकडे गुपचूप पेटीत सारले.

मग नवरी येऊन बसली. वत्सला नाव. शेतात राबलेली पोर, हाताची हाडं दणकट. असे हात कासाराला नको वाटतात. मी सरकून दादाला जागा दिली. घर त्याच्याकडे गेलं हे मी मनातल्या मनात मान्य केलं होतं. माझा जीव जळत होता, पण नवरीच्या चुड्याशी खेळ करायची माझी छाती नव्हती.

दादानं तिचा हात हातात घेतला, उलटसुलट बघितला. आणि म्हातारीला म्हणाला, “आज्जी, नवरीचा चुडा रंगा भरंल. आबांचा हात त्याच्याकडं आलाय.”

हे धडधडीत खोटं होतं. मी त्याच्याकडं बघितलं. तो पेटीत काहीतरी शोधत बसला होता.

मी भरायला लागलो. घामानं डोळे चुरचुरत होते. उजवा हात पुरा झाला. डाव्यात एक जास्त घालायची पद्धत. त्या हातातल्या सगळ्या झाल्या आणि ती शेवटची, जास्तीची राहिली. मांडवातल्या बायका गप्प बसून बघत होत्या. मी हाड दाबलं, बांगडी लोटली, आणि ती वाढली.

असा आवाज मी आयुष्यात हजार वेळा ऐकला असेल. पण त्या दिवशी तो मांडवभर झाला. नवरीच्या आईनं तोंडाला पदर लावला. पोरीचे डोळे भरले. म्हातारीचा चेहरा बघवत नव्हता. मला वाटलं, उठावं आणि बांगड्यांचा धंदा तिथंच ओढ्यात बुडवावा.

“वाढली!” दादा मोठ्यानं म्हणाला, आणि चक्क टाळी वाजवली. “आज्जी, वाढली बगा! मी वाटच बगत हुतो. आबा परत्येक नवरीची शेवटची एक वाढवायचं. तुमची न्हाई का वाढवली हुती?”

म्हातारी चपापली. “माजी? काय की बाई. साठ वर्सं झाली.”

“वाढली हुती तर! आबाच सांगायचं. म्हणून तर तुमचं घर एवढं वाढलं. चार लेक, सतरा नातवंडं. रंगा, बगतोस काय? घाल दुसरी.”

साठ वर्षांपूर्वी आबा पाळण्यात असतील. पण म्हातारी मांडवभर बघून हळूहळू हसायला लागली. “व्हय व्हय,” ती म्हणाली, “वाढली हुती. आता याद आली.” मग बाकीच्या दोघीतिघींनाही आपापल्या आठवायला लागल्या. मी दुसरी बांगडी घेतली, ती लोण्यातून गेल्यासारखी गेली. नवरीनं वाकून मला नमस्कार केला. माझ्या तोंडून आशीर्वाद निघेना, तोही दादानंच दिला.

परतताना ऊन उतरलं होतं. दादा पुढं, मी मागं, पेट्या रिकाम्या. ओढा गेला, शेरडं गेली. चढाला लागल्यावर मी म्हणालो, “आबांच्या हातनं नवरीची कदी वाढली हुती?”

सव्वा वर्षानंतर मी त्याच्याशी बोललेलं ते पहिलं वाक्य.

“कदीच न्हाई,” दादा धापा टाकत म्हणाला.

“मग?”

“मग काय? खानापूरला माजी जीभ वाढली हुती. तिची फेड केली.”

त्याच्या पाठीवर घामानं सदरा चिकटला होता, तेवढाच मला दिसत होता. चढ संपत आल्यावर मी विचारलं, “सासऱ्यांनी नवी सायकल दिलती, ती का घेतली न्हाईस?”

दादानं उभं राहून पॅडल मारत चढ संपवला.

“घेतली आसती तर बाबालालच्या दुकानात यायचं काय कारण हुतं? तू दिसला आसतास का रोज?”

“मी दिसावं आसं काय हाय माज्यात?”

“काय न्हाई,” दादा म्हणाला. “सवय.”

मी दोन्ही पेट्या घट्ट धरल्या आणि रडलो. मागं बसण्याचा तेवढा फायदा होता. दुकानापाशी उतरलो तेव्हा बाबालालनं आमच्या तोंडांकडे आळीपाळीनं पाहिलं आणि काही न विचारता चहा सांगितला. चहा पिता पिता दादा म्हणाला, “पर ते काय बी आसू दे. आजची षष्ठी तुजी धरली, तर माजी एक पंचमी तुज्याकडं बाकी राहिली. ध्यानात ठेव.”

दुसऱ्या दिवशी सप्तमी, सायकल त्याची. संध्याकाळी ताब्यात घ्यायला गेलो तर दादा पाना घेऊन सायकलपाशी उकिडवा बसलेला. सीट खाली आलेली होती. माझ्या मापाला, अगदी बोटभरसुद्धा फरक नाही.

“हे कशाला?” मी विचारलं.

“पाना हातात हुता,” तो म्हणाला.

अष्टमीला संध्याकाळी मी सीट वीतभर वर केली आणि त्याच्या हवाली केली.

तेव्हापासून सीट आपली आपण कधी केली नाही. घरातला पत्रा निघाला, तो बाबालालनं दुकानावर घातला. आम्हाला पुढं मोटारसायकली आल्या, मुलांची दुकानं झाली, पण आबांची सायकल सम-विषम चालूच राहिली. बाजाराला नाही तर दळणाला, तेही नाही तर नुसतं टाकीपर्यंत जाऊन यायला. आणि चार माणसांत, लग्नात, बारशात, दवाखान्यात, कुठंही दादा मला खोचून विचारायचा, “रंगा, माजी पंचमी कदी देतोस?” मी म्हणायचो, “पंचांगात आली की देतो.” छत्तीस वर्षं त्याचा हा एक विनोद चालला. मला तो दरवेळी हसू आणायचा, आणि मी दरवेळी तोंड वाकडं करायचो.

दादा गेला तो नवमीला, सकाळी, चहा घेता घेता. आदल्या दिवशी अष्टमी होती, सायकल माझ्याकडे. मी संध्याकाळी रिवाजाप्रमाणं सीट वर करून ठेवली होती.

ती वरच आहे. मी बसलो तर पाय पोचत नाहीत. मुलगा म्हणतो, “नाना, भंगारात द्या, तुम्हाला गिअरवाली आणतो.” मी त्याला सांगतो, आधी तू तुझ्या भावाशी भांड, मग बघू.

आठवड्यातून एकदा मी ती बाबालालच्या दुकानात ढकलत नेतो. बाबालालही आता नाही, त्याचा थोरला बसतो. परवा मी सायकल भिंतीला लावली तर तो म्हणाला, “नाना, ढकलत काय आणता? सीट खाली करून देतो. बसून जावा की.”

“नको. आज दादाचा दिवस हाय.”

त्यानं हात पुसले, बोटांवर मोजलं आणि हसला. “फसवता व्हय? आज दशमी, नाना. सम. तुमचाच दिवस.”

“मला ठावं हाय दशमी हाय ते,” मी म्हणालो. “मी पंचमी फेडतोय. तू चेनला तेल सोड.”